चियांग माईत स्वयंपाक शिकायला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

थायलंडला जाऊन आलेली चार माणसं आता कुठल्याही सोसायटीत सापडतात. बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला: बँकॉक, पटाया, फार तर फुकेत किंवा क्राबी, आणि रोज रात्री बसमधून उतरून एखाद्या भारतीय हॉटेलात डाळ-भात-पनीर. आईवडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना ही सोय मोलाची वाटते आणि त्यात काही वावगं नाही. पण तिथली माणसं काय खातात, का खातात आणि कसं शिजवतात हे ज्याला जाणून घ्यायचंय, त्याने पुढच्या खेपेला उत्तरेला चियांग माई गाठावं आणि तिथे किमान एक दिवस स्वयंपाकाच्या वर्गात घालवावा.

माझं मत आधीच सांगते. दिवसभरात पाच-सहा पदार्थ उरकण्यापेक्षा एका पदार्थाचं वाटण मुळापासून शिका, आणि तो पदार्थ चियांग माईचाच असू द्या. पुढच्या सगळ्या सूचना याच हिशोबाने दिल्या आहेत.

चियांग माईच का

हे शहर 1296 मध्ये राजा मंगराय याने वसवलं. लान्ना या स्वतंत्र राज्याची ही राजधानी. 1558 पासून दोनशेहून जास्त वर्षं इथे बर्मी सत्ता होती, आणि बँकॉकहून येणारी रेल्वे इथवर पोचायला 1920 चं दशक उजाडावं लागलं. इतका काळ वेगळं राहिलेल्या मुलखाचं ताटही वेगळंच राहिलं.

इथला रोजचा भात चिकट असतो. रात्रभर भिजवलेला तांदूळ बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवतात आणि हाताने खातात. डोंगराळ भागात नारळ फारसा होत नाही, म्हणून इथले बरेचसे रस्से बिननारळाचे. 'गेंग हांग ले' हा डुकराच्या मांसाचा रस्सा बर्मी वळणाचा आहे. त्यात भरपूर आलं, चिंच, शेंगदाणे, लोणच्यातला लसूण आणि धणे-जिऱ्याच्या अंगाचा कोरडा मसाला असतो. 'खाव सोय' या नूडल्सच्या रश्श्याचा संबंध चीनच्या युन्नान प्रांतातून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या मुस्लिम व्यापाऱ्यांशी जोडला जातो. हिरव्या लांब मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे निखाऱ्यावर भाजून कुटलेलं 'नाम प्रिक नुम' आपल्या ठेच्याच्या फार जवळचं आहे. पहिला घास घेताच हे लक्षात येतं.

गंमत अशी की चियांग माईतल्या बहुतेक वर्गांच्या यादीत सर्वात वर असतं ते 'पाद थाई', म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स. हा पदार्थ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पंतप्रधान फिबुन सोंगख्राम यांच्या सरकारने राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आणला. तो चवदार आहे, पण या गावचा नाही. बँकॉकमध्येही शिकता येईल. यादीतून निवड करायला सांगितलं की खाव सोय आणि हांग ले आहे का, ते आधी विचारा.

कधी जायचं, कसं पोचायचं

नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने उत्तम. सकाळ-संध्याकाळ हवा गार असते, तेव्हा एखादा स्वेटर सोबत ठेवा. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत शेतांत आणि जंगलांत लावलेल्या आगींचा धूर खोऱ्यात साचून राहतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तेव्हा जाऊच नये. 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. रस्तोरस्ती पाण्याची धमाल चालते, पण बरेच छोटे खाद्यगाडे आणि वर्ग त्या दिवसांत बंद असतात.

बँकॉकहून विमानाने सव्वा तास लागतो. वेळ असेल तर रात्रीची स्लीपर गाडी पकडा. साडेसातशे किलोमीटरचा, बारा-तेरा तासांचा प्रवास आहे आणि पहाटे डोंगर दिसू लागतात. 2023 पासून या गाड्या बँकॉकच्या जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकावरून न सुटता क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकावरून सुटतात. जुने प्रवासवृत्तांत वाचून चुकीच्या स्थानकावर जाऊ नका.

भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाचं संकेतस्थळ बघाच. 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं आणि त्याला पैसे पडत नाहीत. जी साइट पैसे मागेल ती सरकारी नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

चियांग माईत निदान तीन रात्री राहा. जुनं शहर चौरस आहे, चारी बाजूंनी खंदक, आणि आतलं सगळं पायी फिरता येतं. दूर जायचं असेल तर लाल रंगाच्या 'सोंगथेव' गाड्या आहेत. आपल्या सहाआसनी रिक्षांसारख्या त्या वाटेत माणसं घेत जातात. चढण्यापूर्वी ठिकाण आणि भाडं दोन्ही बोलून घ्या.

वर्ग निवडताना

दोन प्रकार ढोबळमानाने सांगता येतील. एक शहरातला वर्ग, साधारण अर्ध्या दिवसाचा. दुसरा शहराबाहेरच्या शेतावरचा, पूर्ण दिवसाचा. अर्ध्या दिवसाला साधारण 800 ते 1,000 बाथ आणि पूर्ण दिवसाला 1,000 ते 1,500 बाथ पडतात. एका बाथला अडीच ते तीन रुपये धरा. हॉटेलवरून ने-आण, बाजारफेरी, सामान आणि शिजवलेलं जेवण बहुधा यातच येतं.

जमत असेल तर पूर्ण दिवसाचाच घ्या. अर्ध्या दिवसात वाटण बहुतेकदा शिक्षिकेने आधीच करून ठेवलेलं असतं किंवा दहा जणांत एक खलबत्ता फिरतो. तुम्ही फक्त कढईत ढवळता.

नोंदणीपूर्वी संदेश पाठवून एवढं विचारा. एका वर्गात माणसं किती? आठ-दहापेक्षा जास्त असतील तर दुसरीकडे बघा. प्रत्येकाला स्वतःची शेगडी आणि स्वतःचा खलबत्ता मिळतो का? बाजारात नेतात का, आणि कुठल्या? उत्तरेकडचा निदान एक पदार्थ शिकवतात का? शाकाहारी असाल तर फिश सॉस आणि कोळंबीची पेस्ट वगळून वाटण करता येईल का? या प्रश्नांना सविस्तर उत्तर देणारा वर्ग सहसा चांगला निघतो. "हो हो, सगळं होईल" एवढंच लिहून येत असेल तर आणखी एकदोन ठिकाणी विचारा.

त्या दिवशी सकाळी हॉटेलचा नाश्ता भरपेट करू नका. बाजारात चाखायला मिळतं आणि नंतर स्वतः केलेलं सगळं स्वतःलाच खायचं असतं.

शाकाहारी असाल तर

हा भाग नीट वाचा, कारण इथेच बहुतेकांची पंचाईत होते. थाई स्वयंपाकात मीठ क्वचितच सुटं घालतात. खारटपणा येतो तो 'नाम प्ला' म्हणजे फिश सॉसमधून. भाजी बिनमांसाची दिसली तरी त्यात नाम प्ला किंवा ऑयस्टर सॉस असण्याची शक्यता मोठी. तयार वाटणांत 'गापी' असते, म्हणजे मीठ लावून आंबवलेली बारीक कोळंबी. जवळा खाणाऱ्या कोकणी माणसाला तिचा वास परका वाटणार नाही, पण शाकाहाऱ्याला रश्श्याकडे पाहून तिचा पत्ताही लागणार नाही. खाव सोयच्या पिवळ्या नूडल्समध्ये अंडं असतं. त्याऐवजी तांदळाच्या नूडल्स मागा.

उपयोगी पडेल तो शब्द म्हणजे 'जे'. चिनी बौद्ध परंपरेतला हा आहार. त्यात मांस-मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही चालत नाही. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरं रंगवलेली दुकानं दिसली की ती 'जे' जेवणाची. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना याहून सोयीचं परदेशात क्वचितच काही मिळेल. कंदमुळं मात्र त्यात चालतात, हे जैन मंडळींनी ध्यानात ठेवावं. 'गिन जे' म्हणजे मी 'जे' आहार घेतो किंवा घेते, 'माय साय नाम प्ला' म्हणजे फिश सॉस घालू नका. पुरुषांनी वाक्याच्या शेवटी 'ख्रप' आणि बायकांनी 'खा' जोडलं की बोलणं आदबीचं होतं.

वर्गात तुमचं वाटण तुम्हीच करता, म्हणून शाकाहाऱ्यांसाठी ही जागा रेस्टॉरंटपेक्षा खात्रीची. नाम प्लाऐवजी पातळ सोया सॉस आणि गापीऐवजी आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट घालतात. चव थोडी बदलते, तरी रस्सा फिका होत नाही.

बाजारात

बरेचसे वर्ग जुन्या शहराच्या ईशान्येकडच्या सोमफेत बाजारात नेतात. तो लहान आहे, नवख्याला बरा. पण आदल्या दिवशी सकाळी एकटेच पिंग नदीजवळच्या वारोरोत बाजारात जाऊन या. गावची माणसं त्याला 'गाद लुआंग' म्हणतात. तळमजल्यावर साय उआ नावाच्या मसालेदार सॉसेजच्या वेटोळ्या, नाम प्रिक नुमच्या पिशव्या, वाळवलेली फळं, मिरच्यांचे ढीग. समोरच्या तोन लाम्याय बाजारात फुलं. भिक्षा मागायला निघालेले भिक्खू पहाटे दिसतात. त्यांना अन्न द्यायचं असेल तर पादत्राणं काढून द्या, आणि बायकांनी त्यांना स्पर्श होऊ देऊ नये.

विक्रेत्या बाईला 'पा' म्हणा, म्हणजे मावशी. आपल्याकडे भाजीवालीला म्हणतो तसंच. वयाने थोड्याच मोठ्या असणाऱ्यांना 'फी'. 'नी आराय', म्हणजे हे काय आहे, एवढं विचारलं तरी पा हातातली जुडी चुरगळून तुमच्या नाकाशी धरते. फोटो काढण्यापूर्वी विचारा आणि ज्या गाळ्यावर प्रश्न विचारलेत तिथून काहीतरी विकत घ्या. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत लागतं. सगळे थांबतात, तुम्हीही थांबा.

काय काय ओळखायचं? गवती चहा आपल्या ओळखीचा, पण आपण पाती चहात घालतो आणि ते खालचा पांढरा जाडसर भाग वाटतात. आल्यासारखं दिसणारं, फिकट गुलाबी कोंबांचं ते कुळिंजन. त्याला आल्याचा तिखटपणा नाही, कापराच्या जवळ जाणारा वास आहे. कोथिंबीर मुळांसकट विकतात, कारण मुळं वाटणात जातात. मक्रूत लिंबाचं पान इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखं दुहेरी असतं.

तुळशीचे तीन प्रकार शेजारी शेजारी दिसतील: होरापा, मेंगलक आणि गाप्राव. होरापाला बडीशेपेचा गंध आहे आणि ती रश्श्यात जाते. मेंगलकला लिंबाचा वास. गाप्राव ही वनस्पतिशास्त्राप्रमाणे आपल्या अंगणातल्या तुळशीचीच जात. 'पाद गाप्राव' या रोजच्या पदार्थात ती मूठभर घेऊन चिकन किंवा डुकराच्या खिम्यात परततात. वृंदावनातली तुळस कढईत पाहून काहींचं मन कचरतं. तसं झालं तर होरापा द्यायला सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. मी तो पदार्थ आवडीने खाते. तिखट तेलात तुळस पडताच जो वास सुटतो तो एकदा घ्यावा असाच आहे.

मिरच्यांपाशी जरा थांबा. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, 1511 मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी अयुथ्याच्या थाई राजाकडे वकील धाडला. त्यांच्या व्यापाराबरोबर मिरची इकडेही आली आणि तिकडेही. त्याआधी दोन्हीकडे तिखटपणासाठी मिरीवर भिस्त होती.

वाटण: इथे घाई करू नका

लाल रश्श्याचं वाटण दगडी खलात होतं. पपईच्या सोम ताम कोशिंबिरीचा खल मातीचा असतो आणि बत्ता लाकडी, कारण तिथे ठेचायचं नसतं, हलकेच चेचायचं असतं. रश्श्यासाठी जड ग्रॅनाइटचाच हवा.

क्रम महत्त्वाचा. आधी सुक्या लाल मिरच्या, भिजवून, बिया काढून, पिळून कोरड्या केलेल्या. त्यांच्यावर जाड मीठ. मिठाचे खडे मिरचीची साल घासून काढतात. मिरचीचा पार लगदा झाला की गवती चहाच्या पातळ चकत्या, मग कुळिंजन, मक्रूत लिंबाच्या सालीचा हिरवा किस, कोथिंबिरीची मुळं. भाजलेले धणे-जिरे कुटून याच वेळी. ओलसर गोष्टी, म्हणजे छोटे कांदे आणि लसूण, नंतर. गापी सर्वात शेवटी. ओलं आधी घातलं तर चिवट तंतू बत्त्याखालून निसटतात आणि मिरचीचं पाणी डोळ्यांत उडतं.

बत्ता सरळ उभा आपटायचा आणि खलाच्या भिंतीवरून खाली आणायचा. दुसरा हात खलाच्या तोंडावर आडवा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मनगटाऐवजी कोपरापासून हात चालवला तर दमायला होत नाही. गवती चहाचा एकही धागा बोटांत लागला नाही की वाटण झालं.

मिक्सर का नको, असं विचाराल. मिक्सर फिरायला पाणी घालावं लागतं. पाण्याचं वाटण तेलात पडलं की आधी उकळतं, परततच नाही, आणि कच्चा वास राहतो. घरी मिक्सर वापरायचाच असेल तर पाण्याऐवजी थोडं तेल किंवा नारळाचं दाट दूध घाला.

खाव सोयचं वाटण याहून थोडं वेगळं: त्यात हळद, आलं, धणे आणि मोठी वेलची येते, आणि करी पावडरही पडते. आपल्या नाकाला हा वास ओळखीचा वाटेल.

मग नारळाचं दाट दूध कढईत तापवायचं, तेल सुटेपर्यंत. कोकणात ज्यांनी आजीला रस काढताना पाहिलंय त्यांना पहिलं दूध आणि दुसरं दूध सांगायला नको. पहिल्यात वाटण परतायचं, दुसऱ्यात शिजवायचं. डब्यातल्या दुधात ते फुटू नये म्हणून काही घटक घातलेले असतात, त्यामुळे ते पाहिजे तसं तेल सोडत नाही. तेव्हा चमचाभर तेल घालून पुढे जा.

चव जुळवताना

शिक्षिका सहसा मापं सांगतात, पण शेवटी चाखायला लावतात. तिथे लक्ष द्या. आधी खारट, मग ताडगुळाने गोड, आंबट शेवटी. लिंबू पिळायचं ते आच बंद करून, नाहीतर रस्सा कडवट होतो. तुमच्या पळीत कमी-जास्त काय आहे ते शिक्षिकेला आधी ओळखू द्या आणि कशावरून ओळखलं ते विचारा. छापील पाककृती घरी येतेच, हे उत्तर येत नाही.

जेवताना भात चमच्याने खायचा, काट्याने चमच्यात लोटायचा. चॉपस्टिक फक्त नूडल्सना. चिकट भाताचा मात्र लहान गोळा करून उजव्या हाताने खायचा, त्यात आपल्याला काही शिकायला लागत नाही.

वर्गाबाहेरचे दोन दिवस

शिकून झालं की तोच पदार्थ दोन-तीन ठिकाणी खा. वर्गाआधी खाल्लेला खाव सोय आणि नंतरचा यात जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो, कारण आता जिभेला काय शोधायचं ते माहीत असतं. खाव सोयची दुकानं बहुतेक दुपारीच उघडी असतात, संध्याकाळी जाऊ नका. सोबत येणाऱ्या बशीतली मोहरीच्या पाल्याची आंबवलेली भाजी, चिरलेले छोटे कांदे आणि लिंबाची फोड बाजूला ठेवू नका. ती सगळी रश्श्यात घालायची असतात. तळलेल्या मिरचीचं तेल बेताने.

संध्याकाळी जुन्या शहराच्या दक्षिण वेशीवरचा, चियांग माई गेटचा बाजार. रविवारी था फे गेटपासून आत रस्ताभर भरणारा बाजार गर्दीचा असतो, पण देवळांच्या आवारातले खाद्यगाडे चांगले. 'लाब' हा मसालेदार खिमा मागवताना जपून. उत्तरेकडे ते कच्च्या मांसाचंही करतात आणि त्यातून आजार होतात. 'लाब खुआ' म्हणा, म्हणजे परतलेलं मिळेल.

परत येताना आणि घरी

ताजी पानं, मुळं, बिया, रोपं बॅगेत घालू नका. वनस्पती क्वारंटाइनचे नियम आहेत आणि विमानतळावर ती काढून घेतात. साय उआसारखे मांसाचे पदार्थही नकोत. सीलबंद वाटणं, ताडगूळ, हांग लेचा कोरडा मसाला आणता येतो. पातळ आणि पेस्टसारखं सगळं चेक-इन सामानात, दोन पिशव्यांत गुंडाळून. जड ग्रॅनाइटचा खल मोहात पाडतो, पण वजनाचा विचार करा. आपला दगडी खलबत्ता खोल असेल तर तेवढाच उपयोगी पडतो.

आठवड्याच्या आत एकदा घरी करून बघा, हात विसरण्याआधी. गवती चहा कुठल्याही मंडईत मिळतो, फक्त बुंध्यासकट द्यायला सांगा. कुळिंजन आणि छोटे कांदे मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात मिळतात. छोट्या कांद्यांहून वेगळा असला तरी आपला लाल कांदा चालतो, थोडा कमी घ्यायचा. कुळिंजनाऐवजी आलं घातलं तर वेगळाच पदार्थ होतो, वाईट नव्हे, पण वेगळा. मक्रूत लिंबाच्या पानाला मात्र पर्याय नाही. आपल्या कागदी लिंबाचं पान त्याच्या जवळपासही जात नाही. त्याचं रोप इकडच्या बऱ्याच रोपवाटिकांत मिळतं. बाल्कनीत ऊन येणाऱ्या जागी मोठ्या कुंडीत लावा, पाणी साचू देऊ नका, आणि पानं जास्त झाली की धुऊन कोरडी करून फ्रीजरमध्ये ठेवा. तिथे ती काही महिने टिकतात.